वाघूरचे पाणी सुरतेला जाते

(दिवाळीच्या सुटीत पहूर येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



आज या मांडवात दोन प्रकारची कुटुंबे बसली आहेत. काही येथेच राहणारी, तर काही दिवाळीपुरती गावी आलेली. आलेल्यांपैकी बहुतेकांच्या परतीच्या प्रवासाच्या पिशव्या एव्हाना भरल्या असतील. त्यांत कळण्याचे पीठ असेल, भरताची वांगी असतील, आईने बांधून दिलेली उडदाची डाळ असेल. एकतीस वर्षे अशा पिशव्या मीही उचलल्या आहेत. संयोजकांनी मला विषय दिला तो ‘परप्रांतात गेल्यावर जीवन कसे रुजवावे’ असा. मी विद्वान नाही. सुरतेच्या कापड बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून मी आयुष्य काढले आणि २०१८ साली गावी परतलो. त्यामुळे माझ्या हातून जे चुकले आणि त्यातून जे उमगले, तेवढेच आपल्यासमोर ठेवणार आहे.

१९८७ साली दुष्काळ पडला. आमची कोरडवाहू कपाशी हातची गेली. दोघा भावांचे पोट एका शेतावर भरणे शक्य नव्हते. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एके रात्री जेवताना एवढेच विचारले, “दोघांपैकी कोण जाईल?” मी थोरला, थोडाफार शिकलेला, म्हणून मी निघालो. पहूर ते पाचोरा आपली लहान रेल्वे, तेथून जळगाव, आणि जळगावहून सुरतेची पॅसेंजर. शंभर वर्षे धावलेली ती पाचोरा–जामनेर गाडी २०२० मध्ये बंद पडली. तिचा डबा आठवला की मला अजूनही पहिला निरोप आठवतो.

त्या प्रवासात नवापूर स्थानक लागते. या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही गुजरातेत आहे. एका बाकावर दोन प्रवासी दोन राज्यांत बसू शकतात. माझ्या शेजारच्या प्रवाशाने ते मोठ्या कौतुकाने दाखवले. मला मात्र कौतुक वाटले नाही. पोटात खड्डा पडला. येथून पुढे आपण परके, हाच विचार मनात आला. १ मे १९६० पूर्वी जळगाव आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते, हे शाळेत शिकलो होतो. पण त्या क्षणी ते आठवले नाही. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने देशात कोठेही जाण्याचा आणि राहण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला दिला आहे, हेही ठाऊक होते. मात्र अधिकार असणे वेगळे आणि घर वाटणे वेगळे.

पहिली चूक

सुरतेत उतरल्यावर मी उधन्याला आपल्याच माणसांच्या वस्तीत खोली घेतली. उधना आणि लिंबायत या भागांत खान्देशी माणूस इतका आहे की गुजरातीचा एक शब्द न बोलता दिवस निघतो. किराणा दुकानदार धरणगावचा, केस कापणारा पारोळ्याचा, खोलीमालक शहाद्याचा. २०११ च्या जनगणनेत गुजरातेत मराठी ही मातृभाषा सांगणारे नऊ लाखांहून अधिक होते. त्यांतले किती आपल्या तापीकाठचे असतील याची कल्पना करा. परक्या गावी आपली माणसे भेटणे हा मोठा आधार असतो. पहिल्या महिन्यात पगार उशिरा झाला, तेव्हा त्या किराणा दुकानदारानेच आम्हांला जगवले. तो उपकार मी विसरलेलो नाही.

परंतु या आधाराचे पुढे कुंपण झाले. तीन वर्षे मी सुरतेत होतो, आणि तरीही नव्हतो. घरात खुर्ची घेतली नाही, कारण ‘आपण येथे थोडेच कायमचे राहणार आहोत?’ भिंतीला रंग दिला नाही, कारण तेच. सौभाग्यवती तर आखाजीला रडत बसायची. माहेरी झोके बांधले असतील, गौराईची गाणी चालली असतील, आणि ही दहा बाय बाराच्या खोलीत सांजोऱ्या तळत एकटी. शेजारी गुजराती कुटुंब राहत होते. त्यांच्या सुनेने एकदा दारात येऊन नवरात्रात गरब्याला बोलावले. आमची ही भाषेच्या संकोचाने गेली नाही. पुढच्या वर्षी तिने बोलावले नाही. त्यात तिचे काय चुकले? दार आम्हीच लावून घेतले होते.

१९९० मध्ये भाडे परवडेना, म्हणून आम्ही तापीच्या काठाजवळ एका दुमजली चाळीत गेलो. आमची खोली माडीवर. तळमजल्यावर एक विधवा वृद्धा राहत असत; सारी चाळ त्यांना ‘बा’ म्हणे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, “मराठी का? शिवाजी महाराजांसारखे पुन्हा सुरत लुटायला आलात की काय?” मी गोंधळलो. १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आपण अभिमानाने शिकतो. त्या स्वाऱ्यांची आठवण सुरतेच्या घराघरांत निराळ्या रीतीने उरली असेल, हे कधी मनात आले नव्हते. मी मोडक्या गुजरातीत म्हणालो, “लुटायला नाही बा, कमवायला आलो.” त्या मोठ्याने हसल्या. सुरतेत माझ्या ओळखीची सुरुवात या एका वाक्याने झाली, आणि ते माझे पहिले गुजराती वाक्य होते.

किल्ली कोणाच्या हाती

सप्टेंबर १९९४. गणेशोत्सव नुकताच आटोपला होता. शहरात प्लेगची बातमी फुटली आणि दोन-तीन दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. औषधांच्या दुकानांत टेट्रासायक्लिन मिळेना. मृत्यूंची अधिकृत संख्या पन्नासच्या आसपास राहिली, पण त्या रात्री कोणाला काय ठाऊक? अफवांत तो आकडा हजारांवर गेला होता. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. आम्हीही निघालो. जिना उतरताना बा दारात उभ्या होत्या. त्यांना जाण्यास जागा नव्हती. आम्ही त्यांना ‘चला’ म्हटले नाही. घाईत किल्ली तेवढी त्यांच्या हाती दिली.

गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पहूरला पोहोचलो तेव्हा आमच्याच गल्लीत दारे लागली. लोकांना दोष देत नाही. भीतीच तशी होती. आप्पांनी आम्हांला घरात न घेता मळ्यातल्या खोपीत ठेवले. दहा दिवस आई दुरूनच भाकरीचे गाठोडे ठेवून जायची. तेथे रात्री वाघूरचा आवाज ऐकत पडलो असताना एक गोष्ट मला प्रथमच स्पष्ट दिसली. ज्या गावाला मी घर म्हणत होतो, तेथे त्या दिवसांत मी बाहेरचा होतो. आणि ज्या शहराला परके म्हणत होतो, तेथे एका वृद्धेच्या हाती माझ्या घराची किल्ली होती.

तीन आठवड्यांनी परतलो. माडीवर चढलो तर दारातली तुळस हिरवीगार. बांना गुडघ्यांचा त्रास होता, तरी त्या रोज जिना चढून पाणी घालत होत्या. मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “तुळशीला कुठे ठाऊक असते की घर मराठ्याचे आहे?” त्या संध्याकाळी मी बाजारातून चार खुर्च्या आणल्या आणि पुढच्या रविवारी भिंतींना रंग दिला.

सुरत शहरही त्या प्रसंगातून जागे झाले. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि त्यांच्या काळात शहराच्या स्वच्छतेचे रूप पालटले. अधिकारी सकाळी कार्यालयात बसण्याऐवजी वस्त्यांत फिरू लागले. आमच्या चाळीत सफाईसाठी समिती झाली, आणि तिचा हिशेब माझ्याकडे आला. परगावी गेलेल्या माणसाला समाजात शिरण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. एखादे बिनमोबदल्याचे, कंटाळवाणे काम अंगावर घ्यावे. वर्गणीची वही सांभाळणाऱ्याला सहा महिन्यांत सारी वस्ती नावानिशी ओळखू लागते.

दोन भाषांचे घर

आता मुलांच्या भाषेविषयी. सुरतेत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. परंतु आमच्या नव्या घराजवळ नव्हती, म्हणून मुलाला गुजराती शाळेत घातले. तो भराभर शिकला. मला आनंद होता. पुढे आप्पांचे पोस्टकार्ड आले. खाली नातवासाठी चार ओळी होत्या. मी म्हटले, “वाच.” त्याने कार्ड उलटेसुलटे केले आणि विचारले, “बाबा, आजोबा अक्षरांवर रेघा का मारतात?” गुजराती लिपीला शिरोरेखा नसते, हे आपल्याला माहीत आहे. आजोबा शब्द खोडून टाकत आहेत, असे त्याला वाटले होते. सारे घर हसले. मला रात्रभर झोप लागली नाही.

त्यानंतर नियम केला. रविवारी सकाळी एक तास मराठी. पहिल्या महिन्यात फक्त आप्पांची जुनी कार्डे वाचायची, पुढे त्यांना उत्तर लिहायचे. ना शिकवणी, ना पुस्तक. लिपी जवळची असल्याने चार महिन्यांत तो वाचू लागला. १९९८ च्या पावसाळ्यात आप्पा गेले. शेवटचे कार्ड त्यापूर्वी आठ दिवस आले होते, आणि ते मुलाने स्वतः वाचून मला सांगितले. त्यात विशेष काही नव्हते. कपाशी बरी आहे, पाऊस बरा आहे, तू अभ्यास कर, एवढेच. ते कार्ड आजही त्याच्याकडे आहे.

येथे एक गैरसमज दूर करतो. मातृभाषा जपायची म्हणजे स्थानिक भाषा टाळायची, असे काहींना वाटते. अनुभव उलट आहे. ज्या घरात गुजराती नीट आली, त्याच घरात मराठीही टिकली. कारण भाषा ही काळजीपूर्वक शिकण्याची गोष्ट आहे, हे त्या घराला कळले. जेथे दोन्ही बाजूंनी हयगय झाली, तेथे मुले ना धड या तीरावर, ना त्या. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील कौळाण्याचा एक शेतकरी मुलगा १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेला. तो तेथील भाषा शिकला, आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा राजा झाला. सयाजीराव महाराज मराठी राहिले आणि गुजरातचेही झाले. खटावचे लक्ष्मणराव इनामदार प्रचारक म्हणून गुजरातेत गेले आणि जन्मभर तेथलेच होऊन राहिले. गुजरात त्यांना ‘वकीलसाहेब’ म्हणून ओळखतो. आणि आपल्याच जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे लोकसभेत प्रतिनिधित्व करत आहेत. पक्षाचा विचार क्षणभर बाजूला ठेवा. तेथल्या समाजाने आपला म्हटल्याशिवाय हे घडत नसते.

आमच्या सौभाग्यवतीनेही मग संकोच सोडला. ती गरब्यात जाऊ लागली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही माडीवर कानबाई बसवली, तेव्हा चाळीतल्या गुजराती बायका रोट पाहायला आल्या आणि रात्रभर बसल्या. आपला सण आपल्यापुरता केला तर तो आठवणीचा सण होतो. शेजाऱ्यांना बोलावून केला तर तो त्या गावचा सण होतो.

कागदपत्रांची आठवण

भावनेबरोबर व्यवहारही सांगितला पाहिजे, कारण अनेक कुटुंबांचे नुकसान तेथे होते. मतदारयादीतील नाव गावीच ठेवून आपण वर्षानुवर्षे कोठेच मतदान करत नाही. २०२२ पासून पत्ता बदलण्यासाठी आठ क्रमांकाचा एकच अर्ज पुरतो. तो भरा, नगरसेवक आपल्याला ओळखेल तो त्यामुळेच. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली आहे. गावच्या शिधापत्रिकेवरचे धान्य आता परराज्यातही घेता येते. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायचे असेल तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते.

सर्वांत महत्त्वाचे मुलांच्या शिक्षणाचे. मूळ राज्यातील जातीच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्यातील आरक्षण सर्वसाधारणपणे मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये अनुसूचित जाती-जमातींबाबत हे स्पष्ट केले आहे. दुसरीकडे, दहावी-बारावी परराज्यात झालेल्या मुलांना महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यात सामान्यतः स्थान नसते. म्हणजे मूल दोन्हीकडून अडू शकते. म्हणून मुलगा आठवीत असतानाच बसून विचार करा, आणि वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा. गावातले जुने घर पाडताना पत्र्याच्या पेटीतले कागद फेकू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता आपली पाळी

मित्रांनो, आतापर्यंत मी जाणाऱ्यांविषयी बोललो. शेवटी येणाऱ्यांविषयी बोलायचे आहे, आणि हे येथेच राहणाऱ्या मंडळींसाठी आहे.

१८८७ मध्ये राजस्थानच्या कोरड्या मुलखातून एक जैन कुटुंब पाण्याच्या शोधात निघाले आणि आपल्या शेजारच्या वाकोदला स्थिरावले. त्याच कुटुंबात १९३७ मध्ये भवरलाल जैन जन्मले. ठिबक सिंचन त्यांनी शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेले, आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काळी वाकोदच्या लोकांनी ‘हे परके, यांना विहिरीवर पाणी भरू देऊ नका’ असे म्हटले असते तर? नुकसान त्या कुटुंबाचे झाले असते त्याहून अधिक आपले झाले असते.

आज आपल्याकडेही दूरच्या राज्यांतून माणसे येतात. कोणी फरशी बसवतो, कोणी रंगकाम करतो, कोणी जिनिंगमध्ये राबतो, कोणी पाणीपुरीची गाडी लावतो. त्यांच्या मुलांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? २००८ मध्ये आपल्या राज्यात उत्तर भारतीयांना मारहाण झाली. २०१८ मध्ये गुजरातेत तशाच घटना घडल्या आणि हजारो माणसे अनेक ठिकाणांहून घाईने गावी निघाली. त्या दिवसांत मी गावी परतण्याच्या तयारीत सामान बांधत होतो. स्थानकावरची ती गर्दी पाहिली आणि १९९४ ची रात्र आठवली. या वेळी आजार नव्हता. भीती माणसाचीच होती. साऱ्या देशाला एक कुटुंब म्हणणाऱ्यांनी तरी हे आपल्या गल्लीत होऊ देता कामा नये. आलेल्याने येथली मराठी शिकावी, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र त्याला ती शिकवण्यासाठी कोणीतरी त्याच्याशी बोलले पाहिजे.

एक प्रसंग सांगून थांबतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. आमच्या चाळीच्या तळमजल्यात पाणी शिरले. तेव्हा बा ऐंशीच्या पुढे होत्या. मी आणि मुलाने त्यांना खुर्चीवर बसवून माडीवर आणले. १९९४ मध्ये रंगाच्या आधी घेतलेल्या चार खुर्च्यांपैकीच ती एक. चार दिवस तळमजल्यावरची तीन कुटुंबे आमच्या खोलीत होती. डाळ आमची, तांदूळ त्यांचा, स्टो तिसऱ्याचा. रात्री खिडकीतून ते गढूळ पाणी पाहत बा म्हणाल्या, “कुठून येते रे एवढे पाणी?”

मी सांगितले, “बा, आमच्या गावाजवळून वाघूर नावाची नदी जाते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, लेण्यांच्या पायथ्याशी वळते, पहूरवरून पुढे तापीला मिळते. यात थोडे पाणी आमच्या गावचेही आहे.”

त्या म्हणाल्या, “म्हणजे तू येण्याच्या आधीच तुझे गाव आमच्याकडे येत होते.”

बा आता नाहीत. मुलगा सुरतेतच आहे, आणि त्याची मुलगी मला दर रविवारी मराठीत पत्र लिहिते. अक्षरांवर रेघ मारायला ती कधी विसरते. मी ती लाल शाईने ओढून पत्र परत पाठवतो.

उद्या ज्यांची गाडी आहे, त्यांनी आईने दिलेली डाळ अवश्य न्यावी. पोहोचल्यावर त्यातली वाटीभर शेजारच्या दारी द्यावी. आणि येथे राहणाऱ्यांनी आज घरी जाताना आपल्या गल्लीत बाहेरून आलेले एखादे घर असेल, तर तेथे फराळाचे ताट घेऊन जावे. दिवाळी अजून संपलेली नाही.